अर्धवट नोंदींच्या गावी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर बघून आले असं सांगितल्यावर कराडच्या आमच्या भिशीतल्या बायका आधी हसल्या. मग एकीने विचारलं, "अगं, तिथे बघायचं काय?" प्रश्न रास्त होता. लोक काश्मीरला जातात, केरळला जातात, अगदीच काही नाही तर गोव्याला जातात. मी मात्र चार दिवस माझ्या नणंदेचं कौतुक बघायला गेले होते. ते बघताना पोटात जे दुखत होतं, ते सांगितल्याशिवाय हे प्रवासवर्णन पुरं व्हायचं नाही.

नणंद म्हणजे शुभांगी, घरातली शुभा. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटरवर काम करून रिटायर झाली. लग्न केलं नाही. बदलापूरला स्वतःचा फ्लॅट, स्वतःची स्कूटर. शाळेत इतिहासात ती काठावर पास व्हायची, हे मला खुद्द सासूबाईंनी सांगितलं आहे. आणि मी? मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. अरबी समुद्रातल्या व्यापारावर पीएचडी केली. जुनी कागदपत्रं वाचून, हाताने टिपणं काढून, चपलांच्या खोक्यांतून कार्डं रचली. ती खोकी अजून माळ्यावर आहेत आणि दर दिवाळीला ती रद्दीत काढायचा विषय घरात निघतोच.

तर या शुभाने रिटायर झाल्यावर, बसल्याबसल्या, सिंधी व्यापाऱ्यांच्या जगभरच्या वाटांचा डेटाबेस तयार केला. फाळणीच्या कितीतरी आधीपासून सिंधमधल्या हैदराबादचे व्यापारी रेशीम आणि नक्षीच्या वस्तू घेऊन कोबेपासून जिब्राल्टरपर्यंत दुकानं थाटत गेले होते. त्यांची पुढची पिढी उल्हासनगरात शेजारीच राहते. शुभाने त्यांच्याकडचे जुने फोटो, पासपोर्ट, दुकानांच्या पाट्या, जहाजांच्या याद्या असं सगळं स्कॅन करून कॉम्प्युटरला खाऊ घातलं. परदेशातल्या एका विद्यापीठाने जगाच्या इतिहासाचा मोठा डेटाबेस चालवला आहे. त्यांना तिचं काम आवडलं. ते तिचा डेटा आपल्यात सामावून घेणार होते आणि भाषणाला तिकडे बोलावणारही होते. आमच्या ह्यांनी ही बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली आणि वर मला म्हणाले, "तू पण जाऊन बघ की. तुझाच तर विषय आहे."

तुझाच तर विषय आहे! त्या एका वाक्यावर मी बॅग भरली.

उल्हासनगर

उल्हासनगरात पत्ता विचारला की आधी कॅम्पचा नंबर सांगतात. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या छावणीत निर्वासितांची सोय केली होती, तेव्हापासूनचे हे नंबर. मी नंबर बरोबर ऐकला, पण रिक्षावाल्याने मला जीन्सच्या गल्लीत सोडलं. दोन्ही बाजूंनी पँटींचे गठ्ठे, मधून हातगाड्या, आणि एक माणूस मला "माताजी, होलसेल?" म्हणून विचारतोय. शेवटी शुभाच स्कूटरवरून शोधत आली. "वहिनी, लोकेशन पाठवलं होतं ना?" म्हणाली. मी म्हटलं, "मला गाव बघायचं होतं."

कार्यक्रम एका सिंधी ट्रस्टच्या हॉलमध्ये होता. दारातच थंड पाणी आणि भाजलेला पापड हातात आला. आमच्याकडे पाहुण्याला गूळ-पाणी देतात, इथे पापड-पाणी. मागोमाग दाल-पकवान. कुरकुरीत तळलेल्या पुरीवर हरभऱ्याच्या डाळीचं दाटसर वरण, वर चिंच आणि कांदा. मी दोन खाल्ले. हेवा वाटत असताना मला भूक फार लागते.

मग शुभाने पडद्यावर जगाचा नकाशा लावला. खाली वर्षांची पट्टी. तिने बटण दाबलं आणि हैदराबादहून ठिपके निघाले. कराची, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, कोबे. दुसरीकडे पोर्ट सैद, माल्टा, जिब्राल्टर आणि पार पनामापर्यंत. वर्षाच्या कोणत्या महिन्यांत माणसं निघत, कोणत्या महिन्यांत परतत, हे ठिपक्यांच्या गर्दीवरून नुसतं बघून कळत होतं. हाच प्रश्न माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण होता. त्या प्रकरणापायी माझ्या चष्म्याचा नंबर वाढला होता. मी चूक सापडते का म्हणून डोळे ताणून बघत होते. एकही सापडली नाही.

"एकच माणूस एका कागदावर उर्दू वळणाच्या सिंधीत, दुसऱ्यावर इंग्रजीत, तिसऱ्यावर स्पॅनिशमध्ये असतो," शुभा सांगत होती. "आपला प्रोग्राम तिन्ही नावं जुळवतो. नाव, वडलांचं नाव, जन्मगाव. या तीन गोष्टींवर माणूस ओळखतो."

टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या, नाहीतर दिसलं असतं.

मग लोकांनी रांग लावली. ट्रस्टचे हरेशभाई, कापडाचे व्यापारी, त्यांनी आजोबांचं नाव सांगितलं. क्षणात आजोबा कोबेच्या एका दुकानासमोर टाय लावून उभे! हरेशभाईंनी फोन काढून पडद्याचाच फोटो घेतला. कुणाचे काका मनिलात सापडले, कुणाचे पणजोबा माल्टात. हॉलमध्ये लग्नघरासारखा गलका झाला.

रांगेच्या शेवटी एक म्हातारी होती. पांढरा सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, हातात काठी. सगळे तिला देवीदादी म्हणत होते. ती शुभाला म्हणाली, "मेरी बड़ी बहन ढूंढ दे बेटा. सती नाम है. बाप का नाम टहलराम, हैदराबाद सिंध."

शुभाने टाईप केलं. नोंद आली. सती, टहलरामची मुलगी, जन्म हैदराबाद. पुढे काहीच नाही. नकाशावर एक ठिपका जागच्या जागी.

"बस?" दादीने विचारलं.

"इतनाही है, दादी. आगे कुछ नहीं मिल रहा."

"उसकी शादी हुई थी. जपान गई थी वो." दादी पडद्याकडे बघत राहिली. "मरने से पहले इतनाही जानना था, उसका क्या हुआ."

शुभाने पुन्हा शोधलं, स्पेलिंग बदलून शोधलं. नाहीच. दादी "कोई बात नहीं" म्हणत काठी टेकत निघून गेली. मागच्या रांगेत दोन बायका बसल्या होत्या, त्यातली एक दुसरीला म्हणाली, "अपना नाम तो आता ही नहीं." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पडद्यावर सापडलेल्या माणसांत बाई एकही नव्हती.

आणि मला बरं वाटलं. म्हातारीबद्दल वाईट वाटलंच, पण त्याच्या आधी बरं वाटलं. शुभाच्या यंत्राला काहीतरी येत नव्हतं.

अंबरनाथ

दुसऱ्या दिवशी शुभाने मला शिवमंदिरात नेलं. बाजारातून जाताना चपलेचा अंगठा तुटला, त्यामुळे शेवटचा रस्ता मी एक पाय फरफटत गेले. शेजारून वालधुनी वाहते. तिला नदी म्हणायला जीभ जरा अडखळते, वासच तसा आहे. पण देऊळ समोर आलं आणि मी चप्पल विसरले. काळ्या दगडावर इंचभर जागा मोकळी सोडलेली नाही. देवता, नर्तकी, हत्ती, साधू, सगळे एकमेकांना खेटून. गाभाऱ्यात जायला पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. खाली गार, ओलसर अंधार आणि पिंड. आमच्या कृष्णा-कोयनेच्या काठावरची देवळं मी जन्मभर पाहिली, पण असं खाली उतरून देवाला भेटायला मला फार आवडलं.

वर येऊन मी शुभाला शिल्पांबद्दल सांगायला लागले. इथे तरी मी बोलणार होते! पाच-दहा मिनिटं तिने ऐकलं आणि मोबाईल पुढे केला. "हे बघ, असलेच हत्ती आणखी कुठल्या कुठल्या देवळांत आहेत ते फोटो टाकून शोधता येतं." मी उठून अभिषेकाच्या पावतीची रांग धरली.

अभिषेकाला बसलो तेव्हा गुरुजींनी संकल्पासाठी विचारलं, "नाव आणि गोत्र?"

"शुभांगी. काश्यप," शुभा म्हणाली.

"तुमचं?"

"अनुराधा. काश्यप," मी म्हणाले.

गोत्र एकच. पण तिचं जन्माचं आणि माझं लग्नाचं. आणि नाव? लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी सोन्याच्या अंगठीने त्यात 'अनुराधा' असं लिहिलं होतं. त्या सकाळपर्यंत मी शालन होते. वडलांचं नाव गेलं, आडनाव गेलं, गोत्र गेलं, आणि माझं स्वतःचं नावही तांदळाच्या ताटात गेलं. तेव्हा सगळ्याजणी कौतुकाने बघत होत्या, मीसुद्धा.

गुरुजी मंत्र म्हणत होते आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सिंध्यांतही मुलीचं नाव सासरी बदलतात, हे मी वाचलेलं होतं. सती लग्नाच्या दिवशी संपली. जपानला गेली ती दुसऱ्याच नावाची कुणीतरी बाई. शुभाचा प्रोग्राम माणूस ओळखतो तो नाव, बाप आणि जन्मगावावरून. सासरी गेलेल्या बाईकडे या तिन्ही गोष्टी राहत नाहीत. शुभा जन्मापासून शुभांगीच. तिला हे सुचणार कुठून?

मी पिंडीवर दूध घातलं आणि ठरवलं, सांगायचं नाही. जाऊ दे तिला परदेशात. तिथल्या कुणीतरी विदुषी उभ्या राहून विचारतील, "तुमच्या जगात बायका नव्हत्या का?" आणि मग शुभाचा चेहरा कसा होईल याची कल्पना करत मी प्रसादाचा पेढा खाल्ला. तो फार गोड लागला.

बदलापूर

बदलापूरला शुभाच्या खिडकीतून डोंगर दिसतात. माळ्यावर खोकी नाहीत. माळाच नाही. सगळं आयुष्य एका लॅपटॉपमध्ये आणि वहीएवढ्या एका काळ्या डबीत. मला त्या डबीचासुद्धा राग आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जवळच्या चामटोली गावात गेलो. शुभाची कंपनीतली मैत्रीण सुरेखाताई तिथली. दारात भाताचं खळं, मागे नव्या इमारतींचे सांगाडे. तांदळाची मऊ भाकरी, सुकटीची चटणी आणि वालाचं बिरडं. कराडच्या ज्वारीवर वाढलेल्या मला ती भाकरी हातात धरताच येईना, मोडून मोडून खाल्ली. सुरेखाताई हसून म्हणाल्या, "आगो वैनी, आशी नको धरू. घडी घाल तिची आन जेव."

तेवढ्यात दारातून कुणीतरी हाक मारली, "वांगनीवाली हाय का घरान?" सुरेखाताईंनी ओ दिली. मी विचारलं, "तुम्हाला वांगणीवाली म्हणतात?"

"म्हंजे? माझा माहेर वांगनी. हितं आल्यापासना मना कोन सुरेखा नाय म्हनत. कंपनीन गेलू तवा हजेरीला सुरेखा झालू परत."

शुभा ऐकत होती, भाकरी खात होती आणि तिच्या काही लक्षात येत नव्हतं. मला इतकी गंमत वाटली की मी आणखी एक भाकरी मागितली.

घरी आल्यावर ती कामाला बसली. दुसऱ्या दिवशी डेटा परदेशी पाठवायचा होता. मी पलंगावर आडवी झाले होते. ती म्हणाली, "वहिनी, एक शेवटचं साफसफाईचं काम राहिलंय. अर्धवट नोंदी काढून टाकते."

"अर्धवट म्हणजे?"

"दोन प्रकार आहेत. काहींचा जन्म आहे, बाप आहे, पण पुढे पत्ताच नाही. आणि काही मध्येच उगवलेत. कुठल्या जहाजावर, कुठल्या फोटोत, पण आई-बाप नाहीत, जन्मगाव नाही. त्या लोकांना स्वच्छ डेटा लागतो. कचरा जातो सगळा."

तिने यादी निवडली. पडदा निळा झाला. मी उठून तिच्या मागे उभी राहिले. सती, लीला, पार्वती, चंद्रा. आणि खाली मोहिनी, कमला, देवी, ईश्वरी. सगळ्या बायका होत्या. वरच्या मुली, खालच्या बायका. शुभाचं बोट बटणावर होतं.

मला आवडलं असतं असं लिहायला, की माझं मन क्षणभरही डळमळलं नाही. डळमळलं. बटण दाबलं गेलं असतं तर शुभाची चूक कायमची झाली असती आणि ती मला एकटीला ठाऊक असती. पण त्या निळ्या यादीत कुठेतरी ती म्हातारीची बहीण होती, आणि म्हातारी पुन्हा विचारायला यायची नव्हती.

"थांब," मी म्हणाले. "कचरा नाहीये तो. वरच्या आणि खालच्या, त्या त्याच बायका आहेत. लग्नात त्यांची नावं बदलली आहेत. बापावरून नको शोधूस, नवऱ्यावरून शोध."

शुभाने बोट उचललं. यादी खालपासून वर वाचली. मग खुर्ची वळवून माझ्याकडे बघितलं. "तुझ्या हे कधी लक्षात आलं?"

"अंबरनाथला."

"म्हणजे काल सकाळी."

"हो."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी वाजली. मी उभीच. ती चहा घेऊन आली, माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "तुझी पीएचडी झाली तेव्हा आईने पेढे वाटले होते. मी नव्हता खाल्ला. ॲसिडिटी झालीये म्हणून सांगितलं होतं, आठवतंय?"

"आठवतंय."

"ॲसिडिटी नव्हती."

आम्ही दोघींनी चहा घेतला. मग तिने परदेशी मेल टाकला, की डेटा आठवडाभराने पाठवते, मोठी चूक सापडली आहे. कुणी शोधली ते लिहिलं नाही. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते म्हणून मला कळलं.

पुन्हा उल्हासनगर

देवीदादी जुन्या बराकीत राहते. बराकीला पुढे लोकांनी भिंती घातल्यात, वर मजले चढवलेत, तरी आतलं लांबच लांब छप्पर ओळखू येतं. हरेशभाई वाट दाखवायला आले होते. "अचो, वेहो," म्हणत दादीने आम्हाला बसवलं आणि पापड आले.

मी विचारलं, "दादी, सतीचं सासरचं नाव काय होतं?"

"ससुराल का नाम ससुराल में. हमारे घर में कौन लेता था? मैं तो छोटी थी. मैं नाम भी नहीं लेती थी, अदी बोलती थी. चिट्ठी में भी वो अदी ही लिखती थी." अदी म्हणजे ताई.

"आणि तिच्या नवऱ्याचं?"

"जीजा गोबिंदराम. कोबे में दुकान था."

शुभाने टाईप केलं. गोबिंदराम, कोबे. खाली एक बाई उगवली. मोहिनी, गोबिंदरामची पत्नी. आई-बाप नाहीत, जन्मगाव नाही. काल निळी झालेली नोंद. सोबत कुठल्याशा समारंभाचा फोटो होता. शुभाने तो मोठा केला आणि लॅपटॉप दादीच्या मांडीवर ठेवला.

दादीने चष्मा पुसला. खूप वेळ बघितलं. मग पडद्यावरच्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "अदी."

खाली मृत्यूचं वर्ष होतं. शुभाने ते सांगितलं. दादीने मान हलवली, तिला ते अपेक्षित असावं. मग ती आपणहून बोलायला लागली. "मैं जलती थी उससे. वो फोटो भेजती थी, सोफे पे बैठी, रेशम पहना हुआ. और मैं यहां नल की लाईन में बालटी लेके. एक बार उसने मुझे कोट भेजा. ऊन का. उल्हासनगर में कोट! मुझे लगा मज़ाक उड़ा रही है. मैंने बकरी के नीचे बिछा दिया. उसके बाद चिट्ठी का जवाब नहीं दिया. वो लिखती रही, लिखती रही. फिर बंद हो गया."

शुभाने माझ्याकडे बघितलं नाही आणि मी तिच्याकडे बघितलं नाही.

"मुलंबाळं आहेत का बघ," मी म्हणाले.

शुभाने खाली सरकवलं. "एक मुलगा, वारला. एक मुलगी आहे. कोबेलाच असते. नाव रुकी."

दादीने एकदम मान वर केली. "कौन?"

"रुकी."

"रुकी तो मैं हूं," दादी म्हणाली. "देवी तो इधर शादी में रखा. मैं रुकी हूं. टहलराम की रुकी."

हरेशभाई फोन घेऊन बाहेर गेले. डेटाबेस कितीही मोठा असू दे, सिंधी माणसाला जगात कुठलाही नंबर लावून देतो तो दुसरा सिंधी माणूसच. मनिलातल्या कुणीतरी ओसाकातल्या कुणाला सांगितलं, त्याने कोबेला. दादीच्या सुनेने दुसऱ्यांदा चहा टाकला तोवर हरेशभाई परत आले. त्यांच्या हातातल्या फोनवर एक सत्तरीची बाई होती. पांढरे आखूड केस, गळ्यात मोत्यांची माळ, आणि तोंडवळा दादीचाच.

दादीने फोन डोळ्यांजवळ नेला. मग दादी म्हणाली, "रुकी?"

आणि तिकडून ती म्हणाली, "रुकी मासी?"

दादीने फोन छातीशी धरला, त्यामुळे कोबेच्या बाईला बराच वेळ नुसती ओढणीच दिसत असणार. मी तोंडाला पदर लावला. मला रडू येत होतं हे खरं, पण खरं सांगायचं तर मला दादीचा हेवा वाटत होता. ऐंशी उलटल्यावर, समुद्रापलीकडून, तिला तिच्या पहिल्या नावाने हाक मारणारं कुणीतरी निघालं. माझे आई-वडील गेले, भाऊ गेला. कराडात मी अनुराधाबाई, मॅडम, वहिनी आणि आजी. त्या हेव्यात शुभाचा हेवा करायचं मी चक्क विसरले.

निघताना शुभा बराकीच्या पायरीवरच लॅपटॉप उघडून बसली. डेटाबेसमध्ये तिने नवा रकाना केला होता, पहिल्या नावाचा. "वहिनी, चालतोय का बघू. तुझं काय गं पहिलं नाव? आई सांगायची, मी विसरले."

मी सांगितलं. तिने टाईप केलं आणि बरोबर आलंय का म्हणून मोठ्याने वाचलं, "शालन."

"ओ," माझ्या तोंडून गेलं.

कितीतरी वर्षांनी मला कुणीतरी त्या नावाने हाक मारली होती. आणि तीही नेमकी शुभानेच मारावी, याचा मला थोडा रागच आला.